पोटचं फळ

त्या वर्षी सिनेगॉगमध्ये खाली पुरुषांत तोरातल्या, ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या, शापांचं वाचन आलं, तेव्हा कोणी उठेना. ज्याच्या नावाने ते वाचतात, त्याच्या घरावर बेततं म्हणायचे. शेवटी ते आपल्या नावावर घ्यायला ब्रायनाचा नवरा उठला. वर बायकांच्या सज्ज्यात ब्रायनाने सातव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी धरलं.

"ओझं दिसलं की यांचा खांदा पुढे," ती पुटपुटली. "ज्लाते मावशी, काय वाचतायत?"

हिब्रू न शिकलेल्या बायकांना अर्थ सांगणं हे ज्लातेचं काम. खालून दबक्या आवाजात आलं, 'शापित तुझ्या पोटचं फळ.' ज्लातेने ब्रायनाच्या पोटाकडे पाहिलं.

"धन्य तुझ्या पोटचं फळ," ती म्हणाली.

"तो आशीर्वाद मघाशीच वाचून झाला, मावशी. मला कळतं सगळं." ब्रायनाने गार पडलेल्या हाताने तिचं मनगट धरलं. "पण तुम्ही तेच म्हणत राहा."