छज्ज्यावरचं पाणी

छज्ज्यावर पाणी चढत होतं आणि काटा हलत नव्हता.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा हा छज्जा पंखासारखा पुढे आला होता. खाली एकही खांब नाही. इमारतीत वाचनालय करायचं होतं. पण साठ वर्षांचं काँक्रीट पोरांच्या डोक्यावर येईल, असं म्हणणारेही पुष्कळ. शेवटी ठरलं ते असं: वर ताडपत्रीचं तळं करून पाणी भरायचं. छज्ज्याने भार पेलला आणि पाणी काढल्यावर तो पुन्हा वर आला, तर इमारत राहील. नाहीतर आजच पाडायची. पोकलेन फाटकात उभं होतं.

वाचनालयाचा आराखडा थोरल्या बहिणीचा. चाचणी धाकटीची, निकालावर सहीही तिचीच. "घरच्या घरात जमवून टाकाल," असं पाडकामाचा ठेकेदार सकाळी हसत म्हणाला होता. तेव्हापासून धाकटी बहिणीशी कामापुरतंही बोलली नव्हती.

छज्ज्याभोवती बांधलेल्या धोक्याच्या दोरीबाहेरून तिने पुन्हा दुर्बीण लावली. छज्ज्याखाली तिवईवर मापक बसवलं होतं. छज्जा केसभर वाकला तरी त्याचा काटा हलायला हवा.

"बघ, ढिम्म आहे," थोरली म्हणाली.

"ढिम्म नाही ताई, काटा अडकलाय. पाणी बंद करा!"

पंप थांबला.

"सगळं पाणी काढा. मापक दुरुस्त करून पहिल्यापासून भरू."

ठेकेदाराने घड्याळ पाहिलं. "मुदत संध्याकाळपर्यंतच आहे, बाई."

धाकटी त्याच्याकडे वळली तेवढ्यात थोरली दोरीखालून आत गेली.

"ताई! मागे फिर!"

वरून कुठूनतरी बारीक कटकट आवाज आला. बाहेरचे सगळे मागे सरले. थोरलीने मापकावर टिचकी मारली. काटा झर्रकन फिरला आणि थरथरत थांबला.

धाकटीने आकडा वाचला. एवढ्या पाण्याला तिच्या हिशोबाने यायला हवा तेवढाच होता. पण तळं अजून अर्धंच भरलं होतं.

"मिळाला ना आकडा?" थोरली आतूनच ओरडली. "सोड पाणी! मी थांबते इथेच. परत अडकला तर?"

"बाहेर ये."

"तुझ्या हिशोबावर तुझाच भरवसा नाही?"

"माझ्या हिशोबावर आहे. साठ वर्षांपूर्वी आत सळ्या कुणी कशा टाकल्या, ते मला माहीत नाही." धाकटीचा आवाज चिरकला. "आली नाहीस तर नापास लिहीन. आत्ता. आणि पोकलेन आत बोलावेन."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. ही खरंच तसं करेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती दोरीखालून बाहेर आली.

पंप पुन्हा सुरू झाला. काटा आता सरकत राहिला. तळं काठोकाठ भरलं, तसंच ठेवलं. दोघी शेजारी उभ्या होत्या, पण एकमेकींकडे बघत नव्हत्या.

उन्हं कलली तेव्हा ताडपत्रीचं एक टोक सोडलं. छज्ज्याच्या कडेवरून पाण्याची जाड धार रस्त्यावर कोसळू लागली. काटा हळूहळू उलटा फिरला. रेंगाळला. पुन्हा फिरला, आणि जिथून निघाला होता त्याच्या अगदी जवळ येऊन थांबला.

ठेकेदार फाटकाकडे गेला. पोकलेनवाला खाली उतरला, त्या धारेत त्याने खळखळून तोंड धुतलं आणि यंत्र मागे घेतलं.

थोरलीने पेन पुढे केलं. "चिमे, कर सही."

धाकटीने ते घेतलं नाही. दोन्ही मुठी तिने काखेत घट्ट दाबून धरल्या होत्या.

"थांब," ती म्हणाली. "आधी हात थांबू देत."