साचलेलं पेट्रोल

सुपीरियर सरोवरावरून आठवडाभर बर्फ येत होता. गाडी रस्त्यावरच सोडून वेन मांडीभर बर्फातून वडिलांच्या घरी पोचला, तेव्हा म्हातारे रायनो गॅरेजमध्ये बर्फ हटवायच्या मशीनची दोरी ओढून ओढून दमले होते.

वेननं त्यांना बाजूला बसवलं आणि चरफडत कार्बोरेटर उघडला. आत पेट्रोलचा हिरवा, चिकट गोंद झाला होता. तारेनं खरवडूनही पेट्रोल जायचं बारीक भोक मोकळं होईना. गारठलेल्या बोटांतून नट निसटला आणि मशीनखाली गेला.

"बाबा, हिवाळा संपला की टाकी रिकामी करा, म्हणून किती वेळा सांगितलं? आता नवाच कार्बोरेटर बसवावा लागणार."

"हं."

"आणि हा एका उन्हाळ्याचा गोंद नाही. हे मशीन दोन-तीन वर्षं सुरूच झालेलं नाही. फोनवर तर दर वेळी सांगता, अंगण साफ केलं म्हणून. कोण करत होतं साफ?"

रायनो हातमोजे काढत म्हणाले, "कोणी नाही. गाडी विकून टाकली, मी कुठे जात नाही. आणि येणारं तरी कोण होतं? काल तू येतो म्हणालास, म्हणून मशीन काढलं."