काळी फीत

कारखान्याच्या आवारात सरकारी आपत्ती-सराव होता. शाळेतल्या आम्ही दोघी बहिणी खोट्या जखमी. लाल फीतवाल्याला आधी उचलायचं. काळी फीत म्हणजे मेलेला, त्याला सोडून पुढे जायचं.

"लाल तुला, रडूबाई. विव्हळायला छान जमतं," ताई स्वतःच्या मनगटावरची काळी फीत दातांनी आवळत म्हणाली. "मी आपली मेलेली. निवांत पडते."

तेवढ्यात खरोखरच बॉयलर फुटला. उडालेल्या पत्र्यांनी माणसं चिरली. भिंत कोसळून ताईचे दोन्ही पाय चिरडले.

मला खरचटलंही नव्हतं, तरी सरावाला आलेल्या बचाव पथकातल्या जवानानं मलाच उचललं.

"आधी ताईला घ्या," मी त्याला बोचकारलं.

"काळी आहे ती," म्हणत तो धावतच सुटला.

मागे धुरात ताई दातांनी गाठ सोडवत होती. माझ्या वेण्यांच्या रिबिनीही ती अशाच पक्क्या बांधायची.