जेरुसलेमचं घंगाळ

तीन वर्षांनी धर्मयुद्धावरून फुल्क फ्रान्सातल्या बर्गंडी प्रांतातल्या आपल्या गावी परतला, तेव्हा त्याच्या पाठीला एक तांब्याचं घंगाळ बांधलेलं होतं. "पाद्रीबाबा म्हणाले तसंच झालं, एर्सांद," तो बायकोला म्हणाला. "सगळी पापं धुतली गेली."

"आणि इथे तुझी लेक उपाशी मेली," एर्सांद म्हणाली. "नांगर मी ओढला. जेरुसलेमला येशूदेवाचं थडगं सोडवायला गेला होतास ना? मग हे घंगाळ कुणाच्या घरातलं?"

"देवाने दिलं."

तिने रागारागाने त्यात पाणी ओतलं, तोंड धुवायला वाकली आणि तशीच थबकली. पाण्यात तिचा चेहरा नव्हता. डोक्यावरून निळी ओढणी घेतलेली एक परकी बाई खालून तिच्याकडे बघत होती.

एर्सांद घाबरली नाही. तीन वर्षं साठलेला संताप तिच्या हातांत उतरला. फुल्कची मानगूट धरून तिने त्याला घंगाळावर वाकवलं. "बघ! कोण आहे ही?"

फुल्क पांढराफटक पडला. "ही तेव्हाही अशीच बघत होती," तो पुटपुटला.

"तेव्हा म्हणजे केव्हा? बोल की मेल्या!"

तो तिच्या हातून निसटून दारापर्यंत मागे सरकला. एर्सांदने घंगाळ उचललं आणि पाणी अंगणात भिरकावलं.

घंगाळाच्या कोरड्या तळाशी बाई तशीच होती. तिच्या शेजारी आता फुल्क होता, आणि तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. दारातल्या फुल्कच्या तोंडून मात्र अवाक्षर निघत नव्हतं.