ठिपक्यांची लिली

सासू दवाखान्यात असताना सुनेनं तिची अरम लिली मारली, आणि तीही लाड करून. रात्र दवाखान्यातल्या स्टुलावर काढून घरी आली, की पिवळ्या पडत चाललेल्या पानांना घाबरून ती कुंडीत तांब्याभर पाणी ओतायची. शेवटी उरला चिखल. घरात कोणी आजारी पडो की मरो, सुनेची परीक्षा काही चुकत नाही. म्हणून तिनं कंद उपसून मागच्या जिन्यात टाकला आणि नर्सरीतली फुललेली लिली त्याच कुंडीत लावली.

आईला धरून घरी आणणारी नणंद थेट कुंडीपाशी थांबली. "आई, तुझ्या लिलीची पानं साधी हिरवी होती ना गं? हे पांढरे ठिपके कुठून आले?"



सासूनं पानावरून बोट फिरवलं. मग स्वतःचा हात लेकीपुढे धरला. "माझ्या हातावर नाही आले डाग? वय होतं सगळ्यांचं. जा, चहा टाक."

लेक आत गेल्यावर तिनं सुनेला जवळ बसवलं. "माझा कंद कुठे टाकलास?"

"मागच्या जिन्यात. आई, मी रोज पाणी घालत होते हो."

"तेच चुकलं. उन्हाळ्यात पानं टाकून झोपते ती. तेव्हा कोरडी ठेवायची, उठवायचं नाही. आण इकडे, कुजला नसेल तर जगेल."

सून उठली, तसा सासूनं तिचा हात धरला.

"राहू दे, उद्या आण. आधी तू झोप. मी बसलेय इथे, तुला कोणी उठवणार नाही."