ओव्याचं पाणी

नात राजनंदिनीचं लग्न झालं त्या साली दिवाळीत रामकिसनच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली. करमाडहून शहरात नेईपर्यंत घरच्यांनी आशा सोडली, पण तो वाचला. टाके काढायच्या दिवशी बायको साळूबाई त्याचे कागद लावत होती. त्यात लग्नाआधीची चिठ्ठी निघाली. तेव्हा तिनं विचारलं होतं, "डाक्टरनं काय लिव्हलंय?" तो म्हणाला होता, "ग्यास झालाय." साळूबाई पुढं प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. बोट ठेवून तिनं वाचलं: "पोटातली रक्तवाहिनी फुगली आहे. फुटू शकते. लगेच ऑपरेशन करा." "लगीन लांबलं असतं, साळू," तो पुटपुटला. "अन् मी रोज ओवा उकळून पाजत व्हते. तुमी गुमान पीत व्हता." त्यानंतर तिनं चहा दिला, गोळ्या दिल्या, पण ओव्याला हात लावला नाही. रामकिसन चार वर्षांनी पोळ्याच्या दिवशी वारला.