जीपवरचं घर

थिनरचा फडका बॉनेटवरून शेवटचा फिरवून सेव्जिद सरळ उभी राहिली, तेव्हा पश्चिमेकडचं आभाळ पिवळं झालेलं तिला दिसलं.

"वारा येतोय," ती म्हणाली.

तिचा नवरा गोम्बो प्रायमर ढवळत होता. त्याचा हात थांबला. "रेडिओवर तर संध्याकाळचं सांगितलं होतं. आणि धुळीमागून बर्फ."

दोघंही जीपकडे बघत राहिली. सगळा वसंत तिच्यामागे गेला होता. जुना रंग खरवडला, पोचे ठोकून काढले, खड्ड्यांत पुट्टी भरली आणि मग पॉलिशपेपरने घास घास घासलं. सेव्जिदच्या बोटांची कातडी गुळगुळीत झाली होती. आता पत्रा पार उघडा होता. धुळीत प्रायमर मारला, तर कण न् कण चिकटून बसणार. न मारावा, तर बर्फाच्या ओलीने सकाळपर्यंत अख्खी जीप तांबूस होणार.

गोम्बोने ताडपत्री ओढली.

"नको. खाली पत्र्याला घाम फुटेल," सेव्जिद म्हणाली. "आणि फडफडून ओरखडे उठतील ते वेगळेच."

कुंपणापलीकडून शेजारचा दोर्लिग ओरडला, "वहिनी, भंगारात घाला म्हणत होतो ना! आता गंज फुकटात मिळेल!"

आवारात दुसरा आडोसा नव्हता. त्यांचं लाकडी घर होतं, त्याच्या दारातून जीप जाणार नव्हती. आणि कोपऱ्यात सासूचं जाड लोकरी नमद्यांचं, दोऱ्यांनी आवळलेलं गोल घर होतं.

त्या घरातून दोल्गोर बाहेर आली. म्हातारी ऐंशीची. मुलाच्या लाकडी घरात एक रात्रही झोपायला ती तयार नव्हती. जीपबद्दल तिच्या तोंडून चांगला शब्द कधी निघाला नव्हता. लोखंडाला न्हाऊमाखू घालता, माझे पाय कधी चेपलेत का, असं ती येताजाता ऐकवायची.

तिने आभाळाकडे पाहिलं, मग जीपकडे.

"माझं घर सोडा," ती म्हणाली.

"आई, आत्ता या वाऱ्यात कुठे जाणार तू?" गोम्बो वैतागला.

"मी कुठे जातेय? घराच्या दोऱ्या सोडा म्हणतेय. सोडा आणि गाडीभोवती बांधा."

सेव्जिदच्या हातातला फडका खाली पडला. तिच्या मनात हे कधीच येऊन गेलं होतं, पण जिभेवर आणायची छाती झाली नव्हती. "आई, पण तुमची चूल... ती कधी विझू दिली नाहीत तुम्ही."

"विस्तव मी नेते. एक रात्र राहील तुझ्या लाकडी खोक्यात. तिथे कसं गुदमरतं, ते त्यालाही कळू दे."

पातेल्यात निखारे घेऊन, अंगरख्याचा पदर आडवा धरून म्हातारी एकटीच आवार ओलांडून गेली. कोणाला हात लावू दिला नाही.

मग तिघंही धावायला लागली. तिसरा दोर्लिग. शिव्या घालतच त्याने कुंपणावरून उडी मारली होती. पेटी आणि पलंग लाकडी घरात गेले. दोऱ्या सुटल्या, नमदे उतरले. भिंतींच्या लाकडी जाळ्या उचलून जीपभोवती गोल उभ्या केल्या. बंपर आधीच काढलेले होते, म्हणून पुढे मागे जेमतेम एका माणसापुरती जागा उरली.

"माझी पाठ गेली, तर जीप माझी!" दोर्लिग ओरडला.

"पाठ गेली, तर तिच्यातूनच दवाखान्यात नेऊ, भाऊजी!"

काच आणि टप काढलेल्या जीपमध्ये सेव्जिद मोजे घालून उभी राहिली आणि घराच्या माथ्याचं लाकडी चाक तिने डोक्यावर तोलून धरलं. पुरुषांनी त्या चाकाभोवती छपराच्या दांड्या खोचल्या. तिचे दंड थरथरू लागले. "लवकर!" ती किंचाळली. शेवटची दांडी बसली आणि चाक आपल्या बळावर उभं राहिलं. घर उडू नये म्हणून माथ्यावरून लोंबणारा दोर गोम्बोने जीपच्या सांगाड्याला आवळून बांधला. बाहेरून नमदे चढले, आणि वाळूचा पहिला फटका नमद्यावर बसला.

थंडीत प्रायमर धरला नसता. चूल पेटवायची सोय नव्हती, थिनरच्या वाफेने भडका उडाला असता. दोल्गोरने लाकडी घरात दगड तापवले आणि झाकणाच्या बादल्या भरभरून दिल्या. आत ऊब धरली तशा बादल्या बाहेर काढल्या. सेव्जिदने पत्रा पुन्हा एकदा पुसला, वाफ बाहेर जायला वाऱ्याच्या उलट बाजूचा नमदा वीतभर उचलून ठेवला, मास्क चढवला आणि स्प्रेगन स्वतःच्या हातात घेतली. बाहेरून नमद्यांवर वाळू आपटत होती. आत करडा थर बॉनेटवर, मडगार्डवर, दारांवर दुधाच्या सायीसारखा बसत गेला. तिचा हात एकदाही अडखळला नाही.

सकाळी वारा पडला होता. आवारात घोट्याइतकं बर्फ होतं. म्हातारीने बाहेरून नमद्यावर थाप मारली.

"उघडा. बघू दे."

नमदे उतरले, जाळ्या सुटल्या. दोल्गोरने हातमोजा काढला आणि बॉनेटपासून मागच्या फळीपर्यंत तळवा फिरवत ती गेली. कुठेही बोट अडलं नाही.

"तुझ्या सासऱ्याने आणली तेव्हाही इतकी गुळगुळीत नव्हती," ती सुनेला म्हणाली, आणि जीपमध्ये चढून बसली.

"आई, हा नुसता प्रायमर आहे," गोम्बो म्हणाला. "रंग अजून बाकी आहे. आणि आधी तुझं घर लावू."

"घर कुठे पळतंय? सूनबाई, चालव तू."

दोर्लिगने न सांगता फाटक उघडलं. काच नाही, टप नाही, अशी ती करडी जीप बर्फातून गावच्या मुख्य रस्त्याला लागली. गार वाऱ्याने दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हॉर्न वाजव," दोल्गोर म्हणाली.

"रस्त्यावर चिटपाखरू नाही, आई."

"म्हणूनच वाजव."